सिग्नलला गाडी का बंद पडते? जुन्या पेट्रोल इंजिनातला आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह समजून घ्या

पहिली गाडी म्हणून आपल्याकडे बरेच जण सेकंड हँड पेट्रोल गाडी घेतात. दहा-पंधरा वर्षं जुनी, चालवायला सोपी, खिशाला परवडणारी. अशा गाड्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. गाडी हायवेवर मस्त पळते, पिकअप ठीक आहे, पण सिग्नलला थांबलो की इंजिन थरथरतं आणि एसी चालू असेल तर सरळ बंद पडतं. गॅरेजमध्ये नेली की एक जण प्लग बदला म्हणतो, दुसरा इंजेक्टर साफ करा म्हणतो, तिसरा म्हणतो कॉम्प्युटरच गेला. प्रत्येक सल्ल्याचं बिल वेगळं!

खरं कारण अनेकदा अंगठ्याएवढ्या एका पार्टमध्ये असतं. गॅरेजच्या भाषेत त्याला कोणी आयडल मोटर म्हणतं, कोणी स्टेपर, कोणी आयएसी. आपण त्याला आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणू. तो काय करतो हे एकदा समजलं, की मेकॅनिकशी बोलताना तुम्ही नुसती मान डोलावणार नाही, दोन नेमके प्रश्न विचाराल.

आयडल म्हणजे नेमकं काय?

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तरीही इंजिन चालू आहे. या अवस्थेला आयडल किंवा आयडलिंग म्हणतात. गरम झालेलं पेट्रोल इंजिन या वेळी साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर फिरत असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर सापडेल.

काहीच काम नाही असं वाटतं, पण इंजिनाला काम असतं. स्वतःच्या आतलं घर्षण त्याला सोसावं लागतं. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, तेलाचा पंप फिरवावे लागतात. तीन सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा पेट्रोल पेटतं. तिन्ही मिळून १२००, म्हणजे सेकंदाला २० वेळा. यातल्या दोन-चार वेळा जरी गडबड झाली, तरी थरथर थेट स्टिअरिंगवर जाणवते. वेगात असताना फिरणाऱ्या भागांच्या जोरावर अशी चूक खपून जाते. आयडलला तेवढा जोर नसतो, म्हणून इंजिनाचं छोटं दुखणं सगळ्यात आधी आयडललाच दिसतं.

अ‍ॅक्सिलरेटर पेट्रोलचा नाही, हवेचा!

इथे एक गैरसमज दूर करू. पेट्रोल गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थेट पेट्रोल वाढतं असं आपल्याला वाटतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुमचा पाय फक्त हवेचा दरवाजा उघडतो. एअर फिल्टरमधून आलेली हवा थ्रॉटल बॉडी नावाच्या नळीतून इंजिनात जाते. त्या नळीत नाण्यासारखी एक गोल चकती असते. पॅडल दाबलं की केबलने ती फिरते आणि हवा आत शिरते. किती हवा आली हे सेन्सर सांगतो, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, वजनाच्या हिशोबाने.

आता विचार करा. पाय काढला, चकती जवळपास बंद झाली. मग आयडलला इंजिन श्वास कुठून घेणार?

त्यासाठी चकतीला वळसा घालून जाणारी एक बारीक वाट दिलेली असते. मोठं गेट बंद असलं तरी बाजूचं छोटं दार उघडं ठेवतात ना, तसंच. या वाटेत बसलेला दरवान म्हणजे आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह. तो वाट थोडी जास्त उघडतो किंवा थोडी बंद करतो. हवा वाढली की ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि आरपीएम चढतं. हवा कमी झाली की आरपीएम उतरतं.

हा पार्ट डिझेल गाडीत शोधू नका. जुन्या डिझेल इंजिनात आयडल सांभाळण्यासाठी हवा नाही, डिझेलचं प्रमाण बदलतात.

आधी काय होतं?

मारुती ८०० आपल्याकडे १९८३ मध्ये आली तेव्हा तिच्यात कार्बुरेटर होता. कार्बुरेटरच्या गाडीत आयडल एका स्क्रूने सेट करायचं. सकाळी थंड इंजिनासाठी चोक ओढायचा, गरम झालं की ढकलायचा. मेकॅनिक कान लावून स्क्रू फिरवायचा आणि म्हणायचा, "आता बरोबर आहे." पण ते एका परिस्थितीपुरतंच बरोबर असायचं. थंडी, ऊन, एसी, हेडलाइट, प्रत्येक वेळी इंजिनावरचा भार वेगळा आणि स्क्रू मात्र तिथेच.

मग प्रदूषणाचे नियम आले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांसाठी कडक मानकं लवकर लागू करायला लावली. २००० पासून देशभरात नवे नियम आले. साध्या कार्बुरेटरने हे भागेना. म्हणून मारुती ८०० सह अनेक गाड्यांमध्ये मल्टी पॉइंट फ्युएल इंजेक्शन आलं. डिकीवर लिहिलेलं एमपीएफआय ते हेच. त्यासोबत आयडल सांभाळायचं काम माणसाच्या कानाकडून ईसीयूकडे गेलं.

पुढे अ‍ॅक्सिलरेटरची केबलच गेली. नव्या गाड्यांमध्ये थ्रॉटलची चकती मोटरने फिरते, आणि आयडललाही तीच मोटर चकती किंचित उघडी ठेवते. तिथे वेगळा आयडल व्हॉल्व्ह लागत नाही. तुमच्या गाडीत काय आहे हे ओळखायला बॉनेट उघडा. अ‍ॅक्सिलरेटरची केबल थ्रॉटल बॉडीपर्यंत जाताना दिसली आणि गाडी इंजेक्शनची असेल, तर आयडल व्हॉल्व्ह बहुतेक आहेच.

ईसीयू ठरवतो कसं?

मोबाइलचा ऑटो ब्राइटनेस आठवा. सेन्सर बाहेरचा उजेड बघतो, फोन स्क्रीन कमी-जास्त करतो. तुम्ही उन्हात गेलात तर पुन्हा बदल. इथेही तसंच चक्र चालू असतं. ईसीयूकडे एक ठरलेलं आरपीएम असतं. क्रँकचा सेन्सर खरं आरपीएम सांगतो. दोन्हींत फरक पडला की व्हॉल्व्ह हलतो.

ठरलेलं आरपीएम कायम एकच नसतं. कूलंटचा तापमान सेन्सर सांगतो की इंजिन थंड आहे, तर ईसीयू आयडल वाढवतो. म्हणूनच सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिन थोडं जोरात फिरतं आणि हळूहळू खाली येतं. तो बिघाड नाही. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसरचा भार येणार, म्हणून हवा आधीच वाढवली जाते. चकती बंद आहे की नाही हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर सांगतो.

व्हॉल्व्ह तसा सावकाश चालतो. म्हणून अगदी बारीक, क्षणिक चढउतार ईसीयू स्पार्कची वेळ मागे-पुढे करून सांभाळतो, आणि मोठा बदल व्हॉल्व्हकडे देतो.

दोन प्रकार, दोन स्वभाव

पहिला प्रकार स्टेपर मोटरचा. यात टोकदार दांडी असते आणि मोटर ती एकेक पायरी पुढे-मागे सरकवते. याची गंमत अशी की वीज काढली तरी दांडी आहे तिथेच थांबते. पण दांडी कुठे आहे हे ईसीयूला दिसत नाही. तो फक्त पायऱ्या मोजतो. म्हणून अनेक गाड्यांत चावी बंद केल्यावर ईसीयू दांडी एका टोकाला नेऊन मोजणी पुन्हा शून्यापासून लावतो. कार्बनमुळे दांडी अडकली तर हिशोब चुकतो. ईसीयूला वाटतं वाट उघडली, प्रत्यक्षात ती बंदच.

दुसरा प्रकार रोटरी सोलेनॉइडचा. यात एक छोटा पडदा फिरतो आणि भोक उघडतो. ईसीयू वीज अतिशय वेगाने चालू-बंद करत राहतो. चालूचा वेळ जास्त ठेवायचा की कमी, यावर पडदा किती उघडणार ते ठरतं. वीज गेली तर पडदा आपल्या नेहमीच्या ठरलेल्या जागी परत येतो.

हा फरक लक्षात ठेवायचं कारण आहे. इंटरनेटवर एक युक्ती खूप फिरते: इंजिन चालू असताना व्हॉल्व्हचा कनेक्टर काढा, आरपीएम बदललं नाही तर व्हॉल्व्ह खराब. रोटरी प्रकाराला हे बऱ्यापैकी लागू पडतं. स्टेपरला नाही! चांगल्या स्टेपरचा कनेक्टर काढला तरी दांडी जागेवरच राहते आणि आरपीएम तसंच राहतं. या एका चाचणीवर चांगला पार्ट फेकला जाऊ शकतो.

बिघडतो कशामुळे?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे कार्बन. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस इंजिनाच्या पोटात उतरतो. त्यात तेलाची वाफ असते. ती बाहेर न सोडता पुन्हा इनटेकमध्ये ओढली जाते. वर्षानुवर्षं ही चिकट वाफ आणि बारीक धूळ मिळून थ्रॉटलच्या चकतीवर आणि त्या बारीक वाटेत काळा थर बसतो. एअर फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर अजूनच. पार्ट इलेक्ट्रिकली ठणठणीत असतो, पण वाटच अरुंद झालेली असते. शिवाय कधी कनेक्टरला गंज लागतो, कधी वायर तुटते, आणि कधी मोटरची वाइंडिंग खरोखर जळते.

लक्षणं वाचायची कशी?

पाय काढला की आरपीएम ८०० च्या खूप खाली पडतं, एसी लावला की इंजिन बंद, सकाळी सुरू करताना थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो. याचा अर्थ हवा कमी पडतेय. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय किंवा कार्बन जमलाय, ही शंका आधी घ्या.

इंजिन गरम झालं तरी आरपीएम १५०० च्या आसपास अडकलंय. म्हणजे हवा जास्त येतेय. व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे किंवा एखादा व्हॅक्यूम पाइप फाटलाय. मेकॅनिक ती बायपास वाट क्षणभर बंद करून बघू शकतो. तरीही आरपीएम उतरलं नाही, तर हवा दुसरीकडून शिरतेय. मग व्हॉल्व्ह बदलून काही उपयोग नाही.

आरपीएम वर-खाली, वर-खाली झुलत राहतं. यालाच हंटिंग म्हणतात. बरेचदा मागे हवेची गळती असते. चकती बंद आणि आरपीएम जास्त, असं दिसलं की ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, म्हणून तो पेट्रोल थांबवतो. आरपीएम पडतं, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, आरपीएम पुन्हा चढतं. हेच चक्र चालू राहतं.

आणि आरपीएम स्थिर आहे, पण गाडी हलतेय? मग इंजिन माउंट किंवा एखादा सिलिंडर मिसिंग आहे का ते बघा. व्हॉल्व्हचा दोष असता तर काटा हलला असता.

सीएनजी किट असेल तर तुमच्याकडे एक फुकटची चाचणी आहे. पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर एकसारखा त्रास होत असेल, तर दोष बहुधा हवेच्या किंवा स्पार्कच्या बाजूला. फक्त एकाच इंधनावर त्रास असेल, तर आधी त्या इंधनाची बाजू तपासा.

मोबाइलवरून बघता येईल का?

ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडाप्टर लावून अ‍ॅपमध्ये आरपीएम, कूलंटचं तापमान आणि थ्रॉटलची स्थिती लाइव्ह दिसू शकते. एरर कोडही वाचता येतात. पी०५०५ म्हणजे आयडल कंट्रोल सिस्टिममध्ये बिघाड, पी०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. मात्र २०१० च्या आधीच्या अनेक भारतीय गाड्यांशी हे स्वस्त अ‍ॅडाप्टर बोलतीलच असं नाही. सॉकेट दिसायला तसाच असला तरी भाषा कंपनीची वेगळी असू शकते. आणि कोड म्हणजे निकाल नाही. पी०५०७ आला म्हणजे व्हॉल्व्हच गेला असं होत नाही, फाटलेल्या पाइपमुळेही तोच कोड येतो.

बदलण्याआधी साफ करून बघा

क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवा. आधी एअर फिल्टर, व्हॅक्यूमचे पाइप आणि कनेक्टर बघायचे. मग थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करायचा. नवा पार्ट सगळ्यात शेवटी. हे काम स्वतः करत असाल किंवा समोर उभं राहून करून घेत असाल, तर एवढं सांभाळा:

१. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जागा मोकळी, हवेशीर हवी. क्लीनर पटकन पेट घेतो, जवळ सिगारेट किंवा ठिणगी नको.

२. थ्रॉटल बॉडी क्लीनरच वापरा. मऊ कापडाने पुसा, पॉलिश पेपर किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका.

३. स्टेपरची दांडी बोटाने आत दाबू नका किंवा ओढू नका. आतले बारीक दाते तुटतात. साफ करताना टोक खाली धरा, म्हणजे क्लीनर मोटरमध्ये शिरणार नाही.

४. व्हॉल्व्ह बाहेर काढून कनेक्टर लावलेला असताना चावी फिरवू नका. दांडी पूर्ण बाहेर निघून येऊ शकते.

५. परत बसवताना रबरी रिंग किंवा गॅस्केट कडक झालं असेल तर नवं टाका. नाहीतर तिथूनच नवी गळती.

६. थ्रॉटलच्या चकतीचा स्टॉप स्क्रू फिरवू नका. तो कारखान्यात सेट झालेला असतो. "स्क्रूने आयडल वाढवून देतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. त्याने थोडे दिवस बरं वाटेल, पण चकती कधी बंद होते हेच ईसीयूला कळेनासं होईल.

साफ केल्यावर सुरुवातीला आयडल जास्त वाटलं तर घाबरू नका. कार्बनमुळे ईसीयूला वाट जास्त उघडायची सवय लागलेली असते. एसी, लाइट सगळं बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत आयडलला चालू द्या. बऱ्याच गाड्या एवढ्यात नवा अंदाज घेतात. काही गाड्यांची ठरलेली रीलर्न पद्धत असते, ती सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच करायची. आणि हो, इंजिन बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

"चालतंय ना" म्हणून सोडू नका

आयडलचा त्रास नुसता कटकटीचा वाटतो, पण तो धोक्याचाही आहे. तुमच्या ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडलं की एक-दोन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, नंतर पॅडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. घाटात उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलाय, वळण समोर आहे आणि इंजिन बंद पडलं, तर? अशा वेळी ब्रेक सोडून पुन्हा पुन्हा दाबू नका, एकदाच जोरात दाबून धरा. चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. आणि आयडलचा त्रास असलेली गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतार कधीच उतरू नका. गिअरमध्ये असताना चाकंच इंजिनाला फिरवत ठेवतात.

दुसरी गोष्ट पीयूसीची. पेट्रोल गाडीचा धूर आयडलवर तपासतात. आयडलला पेट्रोल नीट जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे तिथेच वर जातात, आणि जुन्या गाडीचं सर्टिफिकेट अडकतं.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "पार्ट बदलावा लागेल" असं ऐकलं, की तीन प्रश्न विचारा. व्हॅक्यूमची गळती तपासली का? थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करून बघितला का? आणि व्हॉल्व्हपर्यंत वीज पोहोचतेय का, ते मल्टीमीटरने मोजलं का? तिन्हींची उत्तरं "हो" आली आणि तरी त्रास कायम असेल, तर नवा व्हॉल्व्ह टाकायला हरकत नाही. जुना मात्र मागून घ्या आणि त्याचं टोक बघा. काळाकुट्ट असेल तर एअर फिल्टर किती दिवसांपूर्वी बदलला होता, तेही तपासून घ्या. नाहीतर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाईल.